गडावरची ट्रॉली: आई तीन मिनिटांत भेटते, महिषासुर मात्र राहून जातो

खान्देशात कुणी 'गडावर जाऊन आलो' म्हणालं, की कोणता गड असं विचारायची पद्धत नाही. गड एकच, सप्तशृंगीचा. तो नाशिक जिल्ह्यात येतो, कळवण तालुक्यात. पण चैत्र लागला की धुळे, जळगाव, नंदुरबारकडून भगवे झेंडे घेतलेली माणसं ज्या संख्येने रस्त्याला लागतात, ती पाहून जिल्ह्याची हद्द कुणाच्या ध्यानात राहत नाही. खान्देश हे देवीचं माहेर मानतात आणि चैत्रातली जत्रा ही माहेरच्या माणसांची. अहिराणीत तर 'वणीनी माय' म्हटलं की पुरे.

या गडावर २०१८पासून फ्युनिक्युलर ट्रॉली चालते. गावाच्या सपाटीवर बसायचं, कड्याच्या अंगावर टाकलेल्या रुळांवरून तिरकं वर सरकायचं आणि साधारण तीन मिनिटांत देवळाच्या पातळीला उतरायचं. सोय उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो. गुडघे गेलेली आजी, दम्याचा माणूस, कडेवर लेकरू घेतलेली बाई यांच्यासाठी पूर्वी डोली नाहीतर घरच्यांचा खांदा, एवढंच होतं. आता ही माणसं आपल्या हिमतीवर वर जातात. तरीही ट्रॉलीला पैकीच्या पैकी गुण देता येत नाहीत. गडाच्या गोष्टी पायऱ्यांच्या वाटेवर क्रमाने लागतात आणि ट्रॉली नेमकी त्या वाटेच्या बाजूने निघून जाते. त्यामुळे यंत्राचा हिशेब आणि दंतकथांचा हिशेब इथे एकत्रच करावा लागतो.

आधी यंत्र. लोक त्याला सरसकट 'रोपवे' म्हणतात, पण हवेत तारेवर लटकणारा पाळणा हा नव्हे. हिचे डबे रुळांवरच असतात. दोन डबे एकाच पोलादी दोराच्या दोन टोकांना बांधलेले आणि दोर वरच्या टोकाच्या मोठ्या चाकावरून गेलेला. एक डबा वर चढतो तेव्हा दुसरा खाली येतो. विहिरीच्या रहाटाला दोन्ही टोकांना पोहरे बांधले तर जे होईल, तेच इथे होतं: खाली येणाऱ्या डब्याचं वजन वर जाणाऱ्याला ओढायला मदत करतं आणि मोटरला फक्त दोन्हींतला फरक आणि घर्षण एवढंच पेलावं लागतं. अर्ध्या वाटेवर रूळ थोडे फाकतात, तिथे दोन्ही डबे एकमेकांना ओलांडतात. पहिल्यांदा बसणारा माणूस समोरून येणारा डबा पाहून दचकतोच. डब्याची आतली जमीन पायऱ्यापायऱ्यांची असते, त्यामुळे चढ तिरका असला तरी माणूस सरळ उभा राहतो. घाटात मळमळणाऱ्यांना इथे सहसा त्रास होत नाही, कारण वळण नाही आणि गचका नाही.

आता रांगेचं गणित, कारण निराशा होते ती इथेच. एका डब्यात सुमारे साठ माणसं मावतात. तीन मिनिटं प्रवास, त्यात चढण्या-उतरण्याची तीनेक मिनिटं धरली, तर तासाला नऊ-दहा फेऱ्या आणि वर जाणारी माणसं पाचशे-सहाशेच्या घरात. दोन्ही डबे एकाच दोराला बांधलेले असल्याने 'गर्दी आहे, एक डबा जास्त सोडा' असं करता येत नाही. म्हणजे तुमच्या पुढे हजारभर माणसं असतील, तर तीन मिनिटांच्या प्रवासासाठी दोन तास उभं राहायची तयारी हवी. तेवढ्या वेळात बऱ्यापैकी चालणारा माणूस पायऱ्यांनी वर जाऊन खाली येतो. तेव्हा साधा नियम असा: खालच्या आवारात रांग एका नजरेत मावत नसेल आणि बरोबर आजारी माणूस नसेल, तर पायऱ्या धरा. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि सुट्टीचा रविवार या दिवशी तर हा विचार आधीच करून निघावं. आडवारी सकाळी लवकर पोचलं तर ट्रॉलीला तोड नाही.

ही ट्रॉली 'देशातली पहिली' म्हणून सांगितली जाते. महाराष्ट्रात हा प्रकार नवा होता, हे खरं. पण तमिळनाडूत पळनीच्या मुरुगनच्या डोंगरावर दोराने ओढली जाणारी रुळांवरची 'विंच' त्याच्या कितीतरी आधीपासून भाविकांना वर नेते आहे. जाहिरातीतलं 'पहिली' जरा हात राखून वाचावं, एवढंच. चालण्यात त्याने काही फरक पडत नाही.

तिकीट काढताना एक गोष्ट खिडकीवरच विचारून घ्या: एका बाजूचं तिकीट मिळतं का आणि जाण्यायेण्याचं घेतलं तर परतीला वेळेचं बंधन आहे का. आमचा सल्ला ट्रॉलीने वर आणि पायऱ्यांनी खाली असा आहे, त्यासाठी हे आधी ठाऊक हवं. दुसरं म्हणजे, वरच्या थांब्यावर उतरलं की देवी समोर, असं होत नाही. तिथून पुढे दर्शनाची रांग आहे आणि ती पायीच. ज्यांना उभं राहणंच अवघड आहे त्यांच्यासाठी काय व्यवस्था आहे, हेही खालीच विचारावं. वर पोचल्यावर विचारलं तर मागची गर्दी रेटा देते आणि उत्तर ऐकूच येत नाही.

आता ट्रॉलीने जाणाऱ्याचं राहून काय जातं, ते.

पायऱ्या जिथून सुरू होतात त्या जागेला सगळे 'पहिली पायरी' म्हणतात. रिक्षावाला असो की नारळवाला, पत्ता हाच. तिथे महिषासुराचं छोटं देऊळ आहे, त्यात रेड्याचं मस्तक पुजलं जातं. देवीने मारलेल्या राक्षसाला देवीच्याच दारात देऊळ, ही गोष्ट नवख्या माणसाला चमत्कारिक वाटते. जुनी माणसं सांगतात, मरताना तो शरण आला म्हणून आईने त्याला पायाशी जागा दिली. त्याला हात जोडल्याशिवाय वर जायचं नसतं. ट्रॉलीने जाणारा थेट आईसमोर उभा राहतो, मधला हा उंबरठा त्याला लागतच नाही. नेमाने चैत्रात येणाऱ्या बायका म्हणूनच आधी चालत पहिल्या पायरीपर्यंत जातात, कुंकू लावतात आणि मग ट्रॉलीकडे वळतात. दहा-पंधरा मिनिटांचा फेरा पडतो, पण क्रम मोडत नाही. ही युक्ती कुठल्याही फलकावर लिहिलेली नाही आणि ती आवर्जून करावी.

पायऱ्या किती, यावर एकमत नाही. कुणी ४७२ सांगतं, कुणी ५१०; मोजणारा दम खायला थांबला की आकडा चुकतो. पाचशेच्या आसपास धरून चला. बांधण्याचं श्रेय उमाबाई दाभाडे यांना दिलं जातं. सेनापती खंडेराव दाभाड्यांच्या या पत्नीचं माहेर गडाच्या जवळच, अभोण्याचं. पुढे त्यांनी स्वतः सेनापतिपद सांभाळलं, मराठेशाहीत तो मान मिळालेली ही एकच बाई. डोंगर चढणाऱ्यांचे हाल लहानपणापासून पाहिलेल्या माहेरवाशिणीने पायऱ्या बांधाव्यात, यात नवल नाही. चढायला सवयीच्या माणसाला पंचवीस-तीस मिनिटं, थांबत थांबत जाणाऱ्याला पाऊण तास. त्रास चढताना दमाचा होतो, पण दुखणं लागतं ते उतरताना. पोटऱ्या भरून येतात आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. कठड्याच्या बाजूने, पाऊल तिरकं टाकत उतरलं तर गुडघ्यावरचा ताण कमी होतो. अनवाणी जायचा नवस असेल तर चैत्रात सकाळी दहाच्या आत वर पोचा, त्यानंतर दगड तापतो आणि तळव्याला फोड येतात. पावसाळ्यात त्याच दगडावर शेवाळ धरतं, तेव्हा घाई नको.

वर गाभाऱ्यात मूर्ती सुमारे आठ फूट उंचीची, कड्याच्या दगडातच कोरलेली, अठरा हातांची. दोन्ही बाजूंना नऊ नऊ हात. महिषासुराशी लढायला प्रत्येक देवाने आपलं काही ना काही दिलं, ही सप्तशतीच्या दुसऱ्या अध्यायातली कथा या हातांत दिसते: शंकराचा त्रिशूळ, विष्णूचं चक्र, वरुणाचा शंख, अग्नीची शक्ती, वायूचं धनुष्य आणि भाते, इंद्राचं वज्र आणि घंटा, यमाचा दंड, ब्रह्मदेवाची जपमाळ आणि कमंडलू. रांग पुढे ढकलत असते, त्यामुळे अठराही आयुधं ओळखायला वेळ मिळत नाही. यादी आधी डोक्यात ठेवून गेलात तर निदान चार-पाच तरी सापडतात. लेकरं बरोबर असतील तर त्यांना शोधायला लावा, रांगेतली कुरकुर थांबते.

देवीची मान किंचित कललेली आहे. समोरच्या डोंगराचं नाव मार्कंडेय. तिथे बसून मार्कंडेय ऋषी पुराण सांगायचे आणि देवी कान देऊन ऐकायची, म्हणून मान तशी, अशी कथा आहे. कथेला मेळ चांगला बसतो. देवीमाहात्म्य, म्हणजेच दुर्गासप्तशती, हा मार्कंडेय पुराणाचाच तेरा अध्यायांचा भाग आहे. गडाचं नाव, समोरच्या डोंगराचं नाव आणि पोथी ही तिन्ही एकमेकांत अशी गुंतली आहेत, की कशावरून काय आलं हे सोडवत बसण्यात अर्थ नाही. ट्रॉलीने वर आलात तर दर्शनानंतर घाईने परतीच्या रांगेत लागू नका. मार्कंडेय नजरेत भरेल अशी जागा पाहून पाच मिनिटं थांबा, म्हणजे मान का कलली हे सांगावं लागत नाही.

दिवसातून तीनदा देवीचं रूप बदलतं, सकाळी बाळ, दुपारी तरुण, सांजेला म्हातारी, हेही ऐकायला मिळेल. ही कथा इतर अनेक देवींच्या ठाण्यांवर आहे आणि इथे ती शेंदराच्या काळात जास्त पटायची. कारण तेव्हा चेहरा दिसायचा तो शेंदराचाच.

हा शेंदूर म्हणजे गडाच्या गूढांपैकी एकच असं, की जे डोळ्यांदेखत उकललं. पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवलेला शेंदूर मूर्तीला लावला जात होता. शेंदूर म्हणजे शिशाची भस्मासारखी तांबडी पूड. तेलात कालवली की वाळून कडक होते. एका थरावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असं करत मूळ कोरीवकाम खाली गाडलं जातं. नाक बसकं होतं, बोटं एकमेकांना चिकटतात, मूर्ती फुगते. गावोगावच्या मारुतीचं हेच होतं. एखाद्या दिवशी शेंदराची खोळ आपोआप गळून पडते आणि आत निराळाच मारुती निघतो. पंचामृताचा, पाण्याचा ओलावा थरांच्या भेगांत शिरला की पकड सुटते, आणि एवढ्या मोठ्या मूर्तीवरून जड पापुद्रा निसटला तर खालच्या कोरीवकामाचा टवकाही बरोबर जाऊ शकतो. म्हणून २१ जुलै २०२२पासून गाभारा दर्शनासाठी बंद ठेवून जाणकारांच्या देखरेखीखाली थर काढले गेले. निघालेला शेंदूर हजार किलोंच्या वर होता. २६ सप्टेंबर २०२२ला घटस्थापनेच्या दिवशी दार उघडलं, तेव्हा लोकांना जी आई दिसली ती त्यांच्या आजीनेही पाहिलेली नव्हती.

खान्देशातल्या देव्हाऱ्यांत अजूनही जुन्या फोटोतली, मोठ्या डोळ्यांची, शेंदरी आईच आहे. नवा फोटो घेताना कित्येक जण अडखळतात, दुकानदारही दोन्ही ठेवतो. कोणता घ्यावा? देव्हाऱ्यात जो आहे तो बदलायचं कारण नाही. पण कोरीवकाम पाहायचं असेल तर नव्या रूपाचा मोठा फोटो घ्या, त्यात हातांतली आयुधं सुटी सुटी दिसतात.

ओटीबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. देवीला नेसवायची साडी अकरा वारांची लागते. आपण दुकानातून घेतो ती सहावारी किंवा नऊवारी ओटीत चालते, पण ती आईच्या अंगावर दिसेल अशी आशा धरून काही बायका निघतात आणि हिरमुसतात. नेसवण्यासाठीच द्यायची असेल तर देवस्थानाच्या कार्यालयात आधी बोलून, पाळी कधीची ते ठरवून मगच माप घ्या.

आता शिखर. देऊळ कड्याच्या पोटात आहे आणि कडा त्याच्या वर आणखी उंच जातो. सगळ्यात वरचं टोक समुद्रसपाटीपासून ४,६५९ फुटांवर. या टोकाला जायला वाट नाही. तरी वर्षातून दोनदा, चैत्रातल्या आणि नवरात्रातल्या उत्सवात, रात्री तिथे कीर्तिध्वज लागतो आणि उजाडताच खाली गावातून तो फडकताना दिसतो. ध्वज लावायचा मान दरेगावच्या गवळी घराण्याकडे पिढीजात आहे. दिवसा ध्वजाची पूजा आणि मिरवणूक होते, संध्याकाळी मानकरी निघतो आणि मध्यरात्री ध्वज लावून परततो. वाट कोणती, कुठे पाय ठेवायचा, हे त्या घराबाहेर कुणाला माहीत नाही. दुसऱ्या कुणी पाहायचा प्रयत्न केला तर त्याची दृष्टी जाते, असंही म्हणतात.

यातलं गूढ नेमकं किती, हे डोंगर चढणाऱ्यांना विचारावं. सह्याद्रीचा असा कडा म्हणजे काळ्या पाषाणाचे उभे पट्टे आणि त्यांच्या मधून गेलेल्या गवताच्या अरुंद पट्ट्या, एकावर एक. दोन पट्टे जोडणारी एखादी खाच, एखादी चिमणी (कातळातली उभी, अरुंद फट) सापडली की वर जाता येतं, पण ती खालून दिसत नाही. चैत्रात त्या पट्ट्यांवरचं गवत वाळून घसारा झालेला असतो, नवरात्रात तेच ओलं आणि निसरडं. म्हणजे दोन ऋतूंत दोन वेगळे धोके, तेही अंधारात आणि पाठीवर ध्वज. वाट पाठ असणं आणि पिढ्यांचा सराव असणं याला आम्ही चमत्काराहून कमी मानत नाही. हौशी ट्रेकरांनी हे कोडं सोडवायला जाऊ नये. परंपरेलाही ते मंजूर नाही आणि कड्यालाही.

शीतकड्याची कथा याहून जुनी आणि जास्त अस्वस्थ करणारी. मूल होऊ दे, बैलगाडीसकट कड्यावरून खाली येईन, असा नवस एका बाईने केला. मूल झालं आणि तिने शब्द पाळला. कड्यावरच्या दगडात तिच्या गाडीच्या चाकांच्या खुणा दाखवतात. या कातळाला समांतर लांब भेगा पडतात, पाणी त्या रुंदावतं आणि चाकोरीसारखे चर दिसू लागतात. पण तिथे उभं राहिल्यावर हे कुणाला सांगावंसं वाटत नाही. खाली दरी थेट आहे. फोटोसाठी काठावर जाणाऱ्यांना गावातली माणसं ओरडतात ती उगाच नाही, सुटी खडी आणि वाळलं गवत काठापर्यंत आहे.

बाकीच्या कथा भरभर. डोंगराला आरपार छिद्र दिसतं, ते देवीच्या त्रिशुळाचं म्हणतात. द्रोणागिरी नेताना मारुतीच्या हातून तुकडे पडले ती ही सात शिखरं, म्हणून इथे औषधी झाडपाला. झाडपाला विकणारे पायरीवाटेजवळ भेटतात, पण ओळखीची वनस्पती सोडून पोटात घ्यायचं काही विकत घेऊ नका. वाळलेली मुळी कशाची आहे हे जाणकारालाही पटकन सांगता येत नाही. रात्री देवळापाशी वाघ येऊन बसतो, म्हणून तिथे कुणी मुक्काम करत नाही. ही वाघाची गोष्ट आजी सांगते तेव्हाच ऐकावी, मार्गदर्शकाकडून ती फिकी लागते.

आणि अर्धं पीठ. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर ही तीन पूर्ण आणि सप्तशृंगी अर्धं, असं साडेतीन. अर्धं का, यावर ओंकाराचं उत्तर सगळ्यात ऐकिवात: अ, उ, म या तीन मात्रा म्हणजे ती तीन पीठं आणि वरची अर्धमात्रा म्हणजे गड. अर्धमात्रा सगळ्यांच्या वर असते, हे सांगायला गडावरचा कुणीही विसरत नाही.

पोचायचं कसं, तर धुळ्याहून मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी हा रुळलेला रस्ता. नंदुरबारकडून साक्री, पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणा करत कळवणला यावं. जळगाव-भुसावळच्या लोकांना धुळ्यावरून किंवा चाळीसगाव-मालेगाववरून, दोन्ही चालतं. नांदुरी हे पायथ्याचं गाव, तिथून वर दहा किलोमीटरचा घाट. घाटात उतरताना गाडी खालच्या गिअरमध्येच ठेवा. न्यूट्रलवर टाकून ब्रेकवर उतरवायची सवय इथे जिवावर बेतते, कारण सतत दाबलेला ब्रेक तापतो आणि नेमका खालच्या वळणांवर लागेनासा होतो. चैत्रात, नवरात्रात आणि कोजागरीला खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात आणि वर एसटीच्या बसने जावं लागतं. गाडी कुठे लावली ती खूण नीट ध्यानात ठेवा, रात्री परतल्यावर सगळी शेतं सारखी दिसतात. कोजागरीला तर नद्यांचं पाणी घेऊन कावडीवाले येतात, त्या दिवशी ट्रॉलीचा विचारच सोडा; कावड पायऱ्यांनी वर जाते आणि तोच सोहळा पाहण्याजोगा असतो.

चैत्रात पायी जाणाऱ्यांना दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर पडतात. पहाटे तीन-चारला निघून दहाच्या आत टप्पा गाठायचा आणि ऊन उतरल्यावर पुन्हा चालायचं. नवे बूट घालून निघणाऱ्याची यात्रा दुसऱ्या दिवशी टेम्पोत संपते; महिनाभर वापरलेली चप्पल किंवा बूट आणि सुती मोजे बरे. वाटेवर गावोगावी खिचडी, सरबत, चहा मिळतो, तरी शिदोरीत दशम्या असाव्यात. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या दोन-तीन दिवस टिकतात; कळण्याची भाकरी आणि ठेचा पहिल्याच दिवशी संपवावा. उन्हात नुसतं पाणी पिऊन पोटऱ्यांत गोळे येतात, तेव्हा लिंबू-मीठ-साखर जवळ ठेवा.

गडावर देवस्थानाचं भक्तनिवास आणि प्रसादालय आहे, साधं जेवण पोटभर मिळतं. खान्देशी चवीची सवय असेल तर भाजी सौम्य लागेल. पिशवीत ठेच्याची पुडी असू द्या, कुणी हसणार नाही. माकडांपासून सांभाळा. त्यांना नारळ आणि पेढ्याचा खोका लांबूनच कळतो. प्रसाद प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत न ठेवता दप्तरात, चेन लावून ठेवा. ओढाओढ केली तर पिशवीबरोबर हातही ओरबाडला जातो, सोडून द्यावं.

परतीला शेवटची ट्रॉली किती वाजता आणि शेवटची एसटी किती वाजता, हे दोन्ही वर जाण्याआधी विचारून घ्या, कारण ट्रॉली चुकली तर पायऱ्या आहेत, एसटी चुकली तर मुक्काम आहे. मुक्काम पडलाच तर पहाटे काकड आरतीला वर जा. त्या वेळी पायऱ्यांवर गर्दी नसते, दगड गार असतो आणि पहिल्या पायरीवर महिषासुरापुढे आदल्या रात्रीचा कुणीतरी लावलेला दिवा बहुधा अजून तेवत असतो.